नगराचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत चरित्रलेख द्यावयाचा म्हटला की संत, समाजसुधारक अथवा साहित्यिक यांची नावे प्रथम डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि ते योग्यही आहे. आम्ही मात्र या पानांसाठी एका स्कॉटिश गृहस्थाची निवड केली आहे. व्यवसायाने तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, कीर्तीने नगररचनाकार आणि वृत्तीने भटक्या. मराठी स्मरणिकेशी त्याचा संबंध काय, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. संबंध आहे. तंजावर, बडोदे आणि इंदूर ही महाराष्ट्राबाहेर मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वसविलेली तीन नगरे. या तिन्ही नगरांच्या गल्लीबोळांतून हा मनुष्य दुर्बीण आणि नकाशा घेऊन दिवसचे दिवस पायी हिंडला. ठाणे आणि नागपूर येथेही तो असाच हिंडला. ज्या घरांकडे सरकारी अभियंते पाडून टाकण्याच्या दृष्टीने पाहत होते, त्या घरांतील माणसे कशी राहतात, हे त्याने आधी पाहिले. परक्या मुलखात बिऱ्हाड थाटून राहणाऱ्या आमच्या वाचकांना अशा माणसाचे चरित्र जवळचे वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते. पर्थ शहराबाहेर टेकडीच्या उतारावर त्यांचे घर होते आणि घराभोवती बाग होती. त्या बागेत वडिलांच्या मागे मागे फिरत या मुलाचे पहिले शिक्षण झाले. टेकडीवर चढले की खाली नदी, शेते, कौलारू घरे आणि गिरण्यांच्या चिमण्या असा सारा मुलूख एका दृष्टिक्षेपात दिसे. शहर हे त्याच्या सभोवारच्या मुलखापासून वेगळे काढून पाहता येत नाही, हा गेडिस यांचा पुढील आयुष्यातील सिद्धांत या टेकडीवरच रुजला असावा, असे त्यांचे चरित्रकार मानतात. आम्हांसही ते पटते.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पुढे एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते गेले, परंतु वाळवलेल्या पानांवर चाललेले ते नीरस अध्यापन पाहून एका आठवड्यातच परत फिरले. नंतर लंडनला जाऊन थॉमस हक्स्ली या विख्यात जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. पदवी नसलेला हा मनुष्य पुढे दोन खंडांत प्राध्यापक झाला, ही गोष्ट आजच्या परीक्षाग्रस्त पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोस गेले असता त्यांच्या डोळ्यांना विकार जडला. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या शास्त्रज्ञाला याहून मोठी शिक्षा कोणती? त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडत त्यांनी विचारांची मांडणी करण्याची एक रीत शोधून काढली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकेक कल्पना ठेवून त्यांचे परस्परसंबंध पाहावयाचे, अशी ती रीत. दृष्टी बऱ्याच अंशी परत आली, तथापि सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे अशक्य झाले. पेशींकडे पाहणारी नजर मग मनुष्यवस्तीकडे वळली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले याच्या विचारांतून स्थळ, व्यवसाय आणि लोक ही त्रयी त्यांनी उचलली आणि आपल्या सर्व चिंतनाचा पाया केली.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर या दांपत्याने जे केले ते त्या काळच्या सुशिक्षित समाजाला वेडेपणाचे वाटले. एडिंबरोची सुखवस्तू मंडळी जुने गाव सोडून नव्या, रुंद रस्त्यांच्या वसाहतीत केव्हाच राहावयास गेली होती. मागे राहिले होते ते उंच, काळवंडलेले, एकमेकांना खेटून उभे असलेले दगडी वाडे आणि त्यांत एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी गरीब कुटुंबे. गेडिस दांपत्याने आपला संसार नेमका या जुन्या गावातील जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात मांडला. शेजाऱ्यांना उपदेश करण्याऐवजी त्यांनी प्रथम झाडू आणि चुन्याची बादली हाती घेतली. भिंतींना रंग लागला. खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या आल्या. पडीक, कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागा साफ होऊन तेथे लहान लहान बागा झाल्या. हळूहळू शेजारीही हात लावू लागले. अगदीच मोडकळीस आलेली इमारत तेवढी पाडावयाची, तिच्या जागी उजेड आणि वारा येऊ द्यावयाचा आणि बाकीची वस्ती दुरुस्त करून जागच्या जागी राखावयाची, ही पद्धत येथे सिद्ध झाली. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जी वसतिगृहे उघडली, त्यांचा कारभार विद्यार्थीच पाहत. किल्ल्यालगत ‘रॅमसे गार्डन’ ही रंगीबेरंगी वास्तू उभी राहिली. वाडी सोडून गेलेले विद्वान पुन्हा वाडीत राहावयास यावेत, हा त्यामागील हेतू होता.

या उद्योगांत पैसा मात्र टिकला नाही. कर्जाचे डोंगर झाले. हिशेब आणि घर दोन्ही सांभाळण्याचे काम ॲनाबाईंच्या वाट्यास आले. त्यांच्याविषयी चरित्रग्रंथांत फारच थोडे लिहिलेले आढळते. वस्तुतः पतीच्या अर्ध्या कल्पना त्यांच्याविना कागदावरच राहिल्या असत्या.

१८८८ मध्ये डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात गेडिस यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. या पदाची खुबी अशी की वर्षातून केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे लागे. उरलेले नऊ महिने ते मोकळे असत. १८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक जुना मनोरा विकत घेतला. त्याच्या माथ्यावर भिंगे आणि आरसा बसविलेली अंधारी खोली होती. तिच्यातील गोल पांढऱ्या मेजावर खालच्या शहराचे हलते चित्र उमटे. गेडिस पाहुण्यांना आधी धावतपळत माथ्यावर नेत, शहर दाखवीत आणि मग एकेक मजला खाली उतरवीत : प्रथम एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचा मुलूख, मग युरोप आणि तळाशी सारे जग. आपल्या गल्लीपासून जगापर्यंत जाण्याचा जिना असावा तसा हा मनोरा होता. ती अंधारी खोली आजही एडिंबरोस प्रवाशांना दाखविली जाते.

नगररचनाकार म्हणून त्यांची ख्याती १९०४ मधील डनफर्मलिन गावाच्या अहवालापासून पसरू लागली. पुढे १९१० च्या सुमारास त्यांनी नकाशे, चित्रे आणि छायाचित्रे यांचे एक फिरते नगरप्रदर्शन उभे केले. १९१५ साली ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाढत वाढत एकमेकांना चिकटलेल्या शहरांच्या पुंजक्याला इंग्रजीत आज ‘कोनर्बेशन’ म्हणतात; तो शब्द गेडिस यांनी या ग्रंथात रूढ केला. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तशी नगराची पाहणी केल्याशिवाय योजना आखू नये, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. आज ते सर्वमान्य वाटते. त्या काळी योजना आधी आणि पाहणी नंतर, असाच प्रघात होता. (तो पुरता गेला आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.)

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून वयाच्या साठाव्या वर्षी गेडिस हिंदुस्थानात यावयास निघाले. प्रदर्शनाचे सारे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध सुरू झालेले होते आणि ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका हिंदी महासागरात धुमाकूळ घालीत होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिने ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज बुडविले आणि त्याबरोबर गेडिस यांची कित्येक वर्षांची पुंजी समुद्रतळाशी गेली. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. यांनी मायदेशी मित्रांना लिहून नवे नकाशे, नवी चित्रे मागविली आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासेस प्रदर्शन भरविलेच.

येथील नगरांची त्या वेळची अवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती हेच रोगाचे मूळ मानून वस्तीच्या मधोमध सरळ, रुंद रस्ते काढण्याचा सपाटा लागला. हीच तऱ्हा मग इतर शहरांनी उचलली. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली की तिच्या खाली येणारी घरे जात. त्या घरांतील माणसे कोठे जात? बहुधा शेजारच्याच गल्लीत, जेथे आधीच दाटी होती, तेथे अधिक भाडे देऊन ती शिरत. एका आळीची दाटी कमी करण्यासाठी दुसऱ्या आळीची दाटी वाढत असे. गेडिस यांनी हा हिशेब सरकारपुढे आणि नगरपालिकांपुढे निःसंकोच मांडला. गव्हर्नरांचे पाहुणे म्हणून आलेला मनुष्य गव्हर्नरांच्याच अभियंत्यांचे नकाशे चुकीचे ठरवू लागला, तेव्हा कित्येक कचेऱ्यांत त्यांच्याविषयी नाराजी निर्माण झाली, यात नवल नाही.

तंजावरचा किल्ला हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. किल्ल्याच्या परिसरात मराठी कुटुंबे त्या काळापासून नांदत आली. १९१५ साली गेडिस तेथे गेले तेव्हा दाट वस्ती कापून सरळ रस्त्यांची जाळी आखण्याची योजना पुढे आलेली होती. गेडिस यांनी प्रत्येक बोळ पायाखाली घातला. कोणते घर नांदते आहे, कोणते पडके, कोठे विहीर आहे, कोठे झाड, कोठे मुले खेळतात, याची त्यांनी नोंद केली. मग पडकी घरे तेवढी काढून जागोजाग लहान चौक करावेत, त्यांत झाडे लावावीत, बोळ एकमेकांस जोडावेत आणि नांदते घर शक्यतो हलवू नये, असे त्यांनी सुचविले. या जपून केलेल्या शस्त्रक्रियेस सरळ रस्त्यांच्या योजनेच्या मानाने अगदी थोडा खर्च येणार होता. बेघर होणारेही थोडेच असणार होते. काम मात्र कष्टाचे होते. नकाशावर रेघ ओढणे कचेरीत बसून जमते, हे काम पायी हिंडल्याखेरीज जमत नाही.

रस्त्यांविषयी त्यांची मते आमच्या वाचकांना ओळखीची वाटतील. अरुंद, वळणावळणाची गल्ली म्हणजे गोंधळ, हा युरोपीय समज त्यांनी नाकारला. आपल्या कडक उन्हात दोन्ही बाजूंच्या घरांची सावली गल्लीत पडते, गाड्यांची धूळ आत येत नाही, बायकामुले निर्धास्तपणे दारात बसू शकतात. वाहत्या रहदारीसाठी मोजके मोठे रस्ते असावेत, परंतु प्रत्येक गल्लीचा मोठा रस्ता करण्याचे कारण नाही, असे ते म्हणत. दक्षिणेतील मंदिरांभोवतीचे रथमार्ग पाहून तर ते हरखून गेले. वर्षातून एकदा रथ फिरावा म्हणून शतकानुशतके राखलेली ती रुंदी, तेथील सावली आणि बाजार यांत त्यांना एक पूर्ण विचारलेली नगररचना दिसली. आपल्याकडील किती जणांना ती तशी दिसली होती?

तळी बुजविण्याच्या धोरणालाही त्यांनी विरोध केला. हिवतापाच्या डासांचे निमित्त करून जुनी तळी भरून टाकण्याची टूम तेव्हा निघाली होती. तळ्यात मासे आणि बदके सोडा, काठ स्वच्छ ठेवा, डास आपोआप आटोक्यात येतील, असा त्यांचा साधा उपाय होता. नळ कधी ना कधी बंद पडणारच, तेव्हा विहिरी आणि तळी हीच गावाची ठेव ठरेल, हेही त्यांनी बजावले. ठाण्यासारख्या तलावांच्या गावात राहिलेल्या माणसाला हे अधिक उलगडून सांगावयास नको.

घराविषयी त्यांचे म्हणणे असे की गरिबाला प्रथम जागा हवी. पक्क्या भिंती आणि नियमानुसार पाया या गोष्टी मागाहून. नगरपालिकांचे नियम इतके महागडे असत की त्यांप्रमाणे घर बांधणे गरिबाला परवडतच नसे. अंगण, पडवी, गच्ची, झाडाखालची जागा हे सारे येथील हवेत घराचेच भाग आहेत, खोल्यांच्या संख्येवरून घराचे मोल ठरवू नये, असे त्यांना वाटे. अंगणातील तुळशीवृंदावनाकडे ते नीट ठेवलेल्या घराची खूण म्हणून पाहत. परकीय माणसाने हे ओळखावे, याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

१९१५ ते १९१९ या काळात त्यांनी लखनौ, लाहोर, ढाका, कपुरथळा, बडोदे, नागपूर अशा कितीतरी नगरांचे अहवाल लिहिले. याच काळात त्यांच्यावर दुःखाचे दोन घाव पडले. ज्येष्ठ पुत्र ॲलेस्डेअर हा पहिल्या हिंदुस्थान दौऱ्यात वडिलांबरोबर होता. एप्रिल १९१७ मध्ये तो फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲनाबाई त्या वेळी हिंदुस्थानातच अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाच्या मृत्यूची बातमी गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. काही आठवड्यांतच त्याही गेल्या. मुलगा जिवंत आहे, याच समजुतीत त्यांनी डोळे मिटले. त्या दिवसांत उशाशी बसलेल्या या वृद्धाच्या मनाची स्थिती काय असेल, याची कल्पना करणे कठीण आहे.

त्याच वर्षीच्या दिवाळीत हा मनुष्य इंदुरात होता. होळकर दरबाराने त्यांना नगराची योजना आखण्यास बोलाविले होते. शहरात प्लेगचे थैमान होते. हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली भिंती न्याहाळणारा हा दाढीवाला साहेब पाहून लोक घाबरून दूर होत. त्यांना वाटे, हाच प्लेग घेऊन येतो. गेडिस यांच्या कानी हे आले तेव्हा त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली : एका दिवसापुरते आपणांस महाराजांचे अधिकार द्यावेत. ती मान्य झाली.

मग शहरात दवंडी पिटली. यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या परंपरागत मार्गांपैकी कोणत्याही मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली आणि रंगविलेली असतील त्या रस्त्याने जाईल. घरांतील आणि अंगणांतील कचरा दरबार फुकट उचलून नेईल. बस्स, एवढेच. आळीआळीत चुरस लागली. घराघरांतून वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर पडला. सहा हजार गाड्या कचरा निघाला, असे गेडिस पुढे सांगत. उंदीर हजारांनी पकडले गेले.

मिरवणुकीत घोडेस्वार होते, हत्ती होते, सुगीचे रथ होते. त्यांच्या मागून अस्वच्छतेचा राक्षस आला आणि त्याच्याबरोबर प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यांच्या पाठोपाठ शहरातील झाडूवाले आले. त्यांच्या गाड्या रंगविलेल्या, बैलांची शिंगे रंगविलेली, अंगावर नवी पांढरी वस्त्रे, झाडू फुलांनी सजविलेले. त्यांच्या वयोवृद्ध मुख्याशी गेडिस यांनी जाहीरपणे हस्तांदोलन केले. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांना भर मिरवणुकीत असा मान मिळाला, ही १९१७ ची गोष्ट आहे, हे वाचकांनी विसरू नये. त्यांच्या मागे लक्ष्मीचा रथ आणि त्याहून मागे एक नवीच देवता, इंदूर नगरी, हाती नव्या नगराचा नकाशा घेऊन. मग बांधावयाच्या घरांच्या, वाचनालयाच्या, बागांच्या प्रतिकृती, फळाफुलांचे रथ, आणि लोकांना वाटण्यासाठी तुळशीची रोपे. शेवटी राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले.

ही हकीकत गेडिस यांनी आपल्या एका शिष्येस सांगितली आणि तिने ती ग्रंथात नोंदविली. तेव्हा सांगणाऱ्याच्या उत्साहाचा रंग तिच्यावर थोडाफार चढला असणारच. प्लेगही त्यानंतर ओसरला, परंतु त्याचा मोसमही तेव्हा सरत आला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दंडाची भीती घालून जे झाले नसते, ते सणाच्या निमित्ताने लोकांनी आपण होऊन केले, आणि हे होऊ शकेल हे ओळखण्यास लक्ष्मीपूजनाच्या आधी आपल्या घरांत काय चालते हे ठाऊक असावे लागते. २०१७ ते २०२३ या काळात देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूरने सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला. त्याचे श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या दिवाळीला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही इंदूरकर मित्रांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे चेहरे खुलतात, असा आमचा अनुभव आहे.

१९१८ मध्ये इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गेडिस यांच्या हिंदुस्थानातील कार्याचा हा कळस मानतात. त्यात नद्यांचे काठ, गिरणी कामगारांची बैठी घरे, बागा, वाचनालय, विद्यापीठ अशा अनेक विषयांचा ऊहापोह आहे. शहरभर जमिनीखालून गटारे टाकून मैला पाण्याबरोबर वाहून नेण्याच्या खर्चीक योजनेस त्यांनी विरोध केला आणि तो बागांना खत म्हणून वापरावा असे सुचविले. या प्रश्नावर अभियंत्यांशी त्यांचा मोठा वाद झाला. पुढील अनेक दशके खान आणि सरस्वती या इंदूरच्या नद्या सांडपाणीच वाहत राहिल्या. अर्थात लक्षावधी वस्तीच्या शहराला बागांचा उपाय पुरा पडला असता, असेही आम्हांस वाटत नाही. लहान नगराचे औषध महानगरास लागू पडेलच असे नाही आणि गेडिस यांना हा फरक नेहमीच दिसत असे, असे म्हणता येत नाही.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. आळीतील शेजारधर्माचे, सामुदायिक विहिरीचे आणि पाराचे त्यांना फार कौतुक होते. परंतु त्या विहिरीवर कोण येऊ शकतो आणि कोण येऊ शकत नाही, हा प्रश्न त्यांच्या अहवालांत पुरेशा तीव्रतेने उमटलेला नाही. झाडूवाल्यांचा सन्मान करणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरू नये.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा नवा विभाग उघडला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. वर्गातील विद्यार्थी थोडे. गुरुजी दाढीतल्या दाढीत बोलत, एका विषयातून दुसऱ्यात शिरत, फळ्यावर चौकोन काढीत. टिपणे घेणाऱ्यांची त्रेधा उडे. तथापि याच काळात मूळच्या मालवणच्या एका संस्कृतज्ञ तरुणाने मुंबई शहरावर लिहिलेला निबंध त्यांच्या नजरेत भरला. गेडिस यांनी त्याची निवड केली आणि तो विलायतेस शिकावयास गेला. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ मध्ये गेडिस यांच्या जागी तेच विभागप्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू म्हणून मान्यता पावले. घुर्ये यांची वाट गुरूहून वेगळी होती. ग्रंथांत आणि जातिसंस्थेच्या अभ्यासात ते रमले. नगराच्या गल्लीत हिंडण्याची गेडिस यांची परंपरा मुंबईत फारशी चालली नाही, ही आमच्या मते विद्यापीठाची हानी होय.

हिंदुस्थानातील मोठमोठ्या माणसांशी गेडिस यांचा स्नेह जडला. जगदीशचंद्र बसू यांचे चरित्र त्यांनी १९२० मध्ये लिहिले. विश्वभारतीच्या संदर्भात रवींद्रनाथांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले आणि धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनात काम केले. दरम्यान जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाचा आराखडा त्यांनी तयार केला. त्यातील फारच थोडा भाग प्रत्यक्षात उतरला. १९२५ मधील तेल अवीवच्या आराखड्याचे भाग्य मात्र उजळले. त्याच्या आधाराने शहराचा जो भाग उभा राहिला, त्याचा २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. हिंदुस्थानातील अहवालांपैकी बरेचसे मात्र कचेऱ्यांच्या कपाटांत पडून राहिले. सूचनांचा काही भाग कोठे कोठे अमलात आला, पुष्कळसा आला नाही.

१९२४ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे गेडिस मुंबई सोडून दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथे गावाबाहेर खडकाळ माळावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निवास बांधला आणि सत्तरी उलटल्यावर पुन्हा कुदळ हाती घेऊन त्याच्याभोवती बाग फुलविण्यास आरंभ केला. पूर्वी एकदा नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या प्रारंभी स्वीकारला. तो घेण्यासाठी थंडीत लंडनला थांबावे लागले आणि ते त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही. माँपेलिएस परतल्यावर १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

हिंदुस्थानातील अहवालांपैकी निवडक भाग जॅकलिन टिरविट या विदुषींनी १९४७ साली ग्रंथरूपाने इंग्लंडात प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील सहा गावांविषयी त्यांनी १९१५ मध्ये लिहिलेले अहवाल पन्नास वर्षांनी, १९६५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने छापून काढले.